'ळ'चा ताळेबंद

प्रत्येकाच्या पत्रिकेत एखादा वाकडा ग्रह असतो. कुणाला शनी छळतो, कुणाला मंगळ. माझ्या पत्रिकेत ग्रह सगळे सरळ आहेत, वाकडं आहे ते एक अक्षर. 'ळ'. आता हे एवढं लिहितानाही ते चार-पाच वेळा येऊन गेलं, यावरून त्याचा जाच किती असेल याची कल्पना करा.

मी मूळचा अकोल्याचा. अकोल्याच्या मातीत कापूस होतो, तूर होते, 'ळ' होत नाही. आमच्याकडे डोळ्याला डोया म्हणतात, फळाला फय म्हणतात, आणि काळी गाय ही 'कायी गाय' असल्यामुळे यमक आपोआप जुळतं. पोळ्याचा सण आमच्याकडे जेवढा जोरात होतो तेवढा महाराष्ट्रात कुठे होत नसेल, पण तो 'पोया' असतो. यामागचं कारण मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे. 'ळ' म्हणायचा तर जीभ मागे वळवून टाळूवर आपटावी लागते. 'य'ला जीभ टाळूच्या जवळ नुसती जाऊन येते, टेकत नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात जिभेने उगाच कशाला आपटाआपटी करावी?

नोकरी मात्र अमरावतीला. बँकेत कारकून. रोज गाडीने बडनेऱ्यापर्यंत अप-डाउन. बी. कॉम. झाल्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट मला जमा आणि नावे या दोन रकान्यांतच दिसते. हा लेखही त्याला अपवाद नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या जूनमध्ये आमच्या शाखेत नवे मॅनेजर आले. गाव चेन्नईजवळ, चेंगलपट्टूकडे. त्यांच्या पाठोपाठ वरून एक परिपत्रक आलं की परप्रांतातून आलेल्या अधिकाऱ्यांनी स्थानिक भाषा शिकून घ्यावी, डिसेंबरात तोंडी परीक्षा होईल. शिकवणार कोण? शाखेत सर्वानुमते माझं नाव पुढे आलं. कारण काय, तर मी 'पेपरात लिहितो-बिहितो'. लेखकाला आपल्याकडे मानधन मिळत नाही, पण बिनमोबदल्याची कामं पुष्कळ मिळतात.

पहिल्या धड्याला मी 'ळ' घेतला. आमचा कॅशियर हिंदी मुलखातला. चार वर्षं झाली, तो अजून 'बालासाहेब' म्हणतो, कारण हिंदीत ते अक्षरच नाही. आमच्या लेखी परप्रांतीय सगळे एकाच खात्यातले. तेव्हा मी साहेबांना जीभ कशी मागे न्यायची वगैरे हातवारे करून समजावू लागलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ये तो हमारे यहाँ भी है," ते म्हणाले. "बाळ. वळण. केळ. कोवळं केळफूल."

काय तो 'ळ'! पुण्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाली असती. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या चारी भाषांत 'ळ' आहे, हे मला तेव्हा कळलं. मी आपला जन्मांधाने डोळसाला चष्म्याचा नंबर सांगावा तसा शिकवीत होतो. तेवढ्यात आमचा शिपाई दारातून ओरडला, "सायेब, शायेच्या फीचं चलन भराले मानसं येऊन रायले, अन् मशीन काई चालून नाई रायली!"

साहेबांनी वही उघडली. 'शाया = ?' असं लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"शाया मतलब शाळा, सर."

"तो शाळा क्यों नहीं बोला?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी जो निघालो, तो थेट सोळाव्या शतकात पोचलो.

१५७९ साली फादर स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्याला उतरला. मराठी शिकायला आलेला हा बहुधा पहिला नामांकित इंग्रज. १६१६ साली त्याने 'क्रिस्तपुराण' छापलं, ओवीबद्ध मराठीत. पण छापखान्यात टाइप रोमन. रोमन लिपीत 'त' आणि 'ट' यांत फरक करायची सोय नाही. फादरच्या परंपरेतल्या लोकांनी तोड काढली ती अशी : 'ट', 'ड', 'ळ' यांच्यासाठी रोमन अक्षर दोनदा लिहायचं. म्हणजे जीभ मागे वळवायची खूण. परक्याची भाषा उच्चारायला कशी शिकावी यावर आपल्याकडे झालेलं हे जुनं संशोधन, आणि ते एका विद्यार्थ्यानं केलं होतं. मास्तरानं नव्हे.

पुढचा विद्यार्थी विल्यम कॅरी. मूळ धंदा चांभारकीचा, नंतर मिशनरी. १८०५ साली त्याने मराठीचं व्याकरण छापलं, इंग्रजीत, कंपनीच्या तरुण साहेबांना मराठी यावं म्हणून. गंमत अशी की हे सगळं चाललं होतं कलकत्त्याला, आणि कॅरीला मराठी शिकवणारे वैजनाथ पंडित होते नागपूरचे. त्यामुळे कॅरीच्या मराठीला नागपुरी वळण आलं. मुंबईकडच्या मिशनऱ्यांना ते वळण परकं वाटलं आणि त्यांनी बायबलचं आपलं निराळं भाषांतर केलं. पण जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाने नोंद सोडू नये : साहेबांसाठी मराठीचं पहिलं छापील व्याकरण निघालं, तेव्हा गुरुजी आमच्या बाजूचे होते!

हे सुख फार दिवस टिकलं नाही. मोल्सवर्थ आणि कँडी या साहेबांनी मुंबई-पुण्याकडचे पंडित हाताशी धरून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला. पुढे मेजर कँडी सरकारी शाळांची मराठी पुस्तकं तपासू लागले. मराठी लेखनाला जे 'शुद्ध' वळण लागलं, स्वल्पविराम-पूर्णविराम आले, त्यात या कँडीसाहेबांचा मोठा वाटा. म्हणजे पाहा, ज्या शुद्ध मराठीसाठी मी पुढे शाळेत छड्या खाल्ल्या, तिला वळण लावणाऱ्यांत एक इंग्रज मेजर होता आणि मराठी ही त्याची दुसरी भाषा होती. शिकाऊ उमेदवाराने मालकाला हिशेब शिकवावा, असा प्रकार.

बरं, साहेबांचे स्वतःचे उच्चार कसे होते? वऱ्हाडचं 'बेरार' मोगलांच्या दप्तरात आधीच झालं होतं. १८५३ साली निजामाकडून कारभार इंग्रजांकडे आला आणि तेच नाव पक्कं झालं. 'ऱ्ह' म्हणताना जीभ जी कसरत करते ती त्यांना जमली नसावी. अचलपूरचं एलिचपूर झालं. अमरावतीचं 'ऊमरावती' झालं, आणि तिथला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' या नावाने विकला जाऊ लागला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वाचकहो, या व्यवहाराची नोंद नीट वाचा. साहेबाने अमरावतीचा उच्चार चुकवला तर त्याचा ट्रेडमार्क झाला. मी 'शाळे'चा उच्चार चुकवला तर बाकावर उभं केलं. चूक तीच, खातं फक्त वेगळं.

बाकावर उभं केलं ही गोष्ट खरी आहे. मी आठवीत होतो. मराठीला नवे सर आले होते, पश्चिमेकडचे. त्यांनी मला धडा वाचायला सांगितला आणि मी जोरात वाचलं, 'कायी माती'. सर हसले. सर हसले म्हणून वर्ग हसला. वर्गातला एकही जण 'काळी' म्हणणारा नव्हता, पण वर्गाला हसायला कुठे व्याकरण लागतं? सरांनी मला पन्नास वेळा 'ळ' म्हणायला लावला.

मी चिकाटीचा मुलगा. आठ दिवसांत 'ळ' हस्तगत केला. नुसता हस्तगत केला नाही, तर माझ्या हाती तो असा लागला की तोंडात येणारा प्रत्येक 'य' मला संशयित वाटू लागला. न जाणो, हाही मुळात 'ळ' असेल! मग 'सोय'ची 'सोळ' झाली, गायीची 'गाळ' झाली, आणि एके दिवशी घरी जाऊन मी स्वयंपाकघरात म्हणालो, "माळ, चाळ दे."

मायने परात खाली ठेवली. "काय म्हनलं बापा?"

"चाळ. पिण्याची."

ती पोट धरधरून हसली. मी रागावलो. त्या दिवसापासून मी तिला 'माय' म्हणणं सोडलं आणि 'आई' म्हणू लागलो. त्यात 'ळ'ही नाही आणि 'य'ही नाही, भानगडच नको. तेव्हा मला ही मोठी युक्ती वाटली होती.

भाषेचे अभ्यासक या रोगाला अतिशुद्धीकरण म्हणतात असं पुढे वाचलं. हसून उच्चार सुधारायला गेलं की धडधाकट शब्दसुद्धा आजारी पडतात.

मराठीचं हे झाल्यावर इंग्रजीचं काय झालं असेल ते सांगायला नकोच. माझे आजोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकले. सबंध पाठमाला पाठ, पण आयुष्यात इंग्रजीचं एक वाक्य मोठ्याने बोलले नाहीत. मला इंग्रजी पाचवीत आलं. आम्ही ते पाहून शिकलो, ऐकून नव्हे. बुधवारचं स्पेलिंग पाठ करायचं म्हणून 'वेडनेसडे' असं घोकायचं, आणि घोकलं की तेच तोंडात बसायचं. २००० साली सरकारने इंग्रजी पहिलीपासून आणलं, त्यामुळे माझ्या मुलीचं बरं आहे.

तर काही वर्षांपूर्वी मी अधिकारीपदाच्या मुलाखतीला गेलो. विषय शेतीकर्जाचा, म्हणजे माझ्या हातचा मळ. मी बोलायला लागलो. समोरचे गृहस्थ म्हणाले, "पार्डन?" मी तोच शब्द पुन्हा म्हटला, जरा जोरात. "पार्डन?" शब्द साधा 'डेव्हलपमेंट'. तिसऱ्या पार्डनला माझी बोबडी वळली, ती शेवटपर्यंत सरळ झाली नाही. पद गेलं. मी समजलो, वऱ्हाडी जीभ आडवी आली. वर्षभर आरशासमोर उभा राहून ओठ दाताखाली धरून 'व्ह' आणि ओठ गोल करून 'व' असा सराव केला. बायको म्हणायची, निदान दार लावून घेत जा.

खरा रोग कळला तो राजकमल चौकातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडे. बन्सल आणि हॅरिसन यांचं भारतीयांसाठी लिहिलेलं इंग्रजी उच्चारांचं पुस्तक, पहिली आवृत्ती १९७२ ची. पुस्तकाचं अर्धं कव्हर गायब, पण आतला माल अस्सल. आणि या बन्सलांची हकीकत मला माहीत व्हायला हवी होती ती वीस वर्षं आधी.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. उच्चारशास्त्र हे तसं आपलंच दुकान. वेदांगांत पहिलं अंग 'शिक्षा', म्हणजे उच्चारांचं शास्त्र. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य ही वर्गवारी आपण शाळेत कंटाळत पाठ करतो, पण एकोणिसाव्या शतकात अमेरिकन पंडित व्हिटनी याने प्रातिशाख्य ग्रंथांची भाषांतरं केली तेव्हा तिकडचे विद्वान थक्क झाले होते. पुढे १८८६ साली पॅरिसमध्ये उच्चारशिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, जगातल्या सगळ्या ध्वनींसाठी एक लिपी झाली. हेन्री स्वीट नावाचा विक्षिप्त प्राध्यापक त्यातला बडा माणूस. शॉने 'पिग्मॅलियन' लिहिलं त्यात त्याची थोडी छाया आहे, आणि १९७५ साली पु. लं.नी त्याचीच 'ती फुलराणी' केली तेव्हा सगळा महाराष्ट्र मंजुळेच्या उच्चारांवर हसला. मीही व्हिडिओवर पाहून हसलो. फक्त हसताना आपण बाकावर उभे आहोत की खुर्चीत बसलो आहोत, हे मला नक्की ठरवता आलं नाही.

१९१७ साली डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश आला आणि जगभरच्या मास्तरांना एक माप मिळालं : लंडनकडच्या सुशिक्षित घराण्यांतला उच्चार. जो तसा बोलेल तो पास. म्हणजे जन्मच तिथे घ्यायला हवा. पुन्हा आमची पंचाईत.

पण १९४९ साली डेव्हिड ॲबरक्रॉम्बी नावाच्या एका भल्या ब्रिटिश उच्चारपंडिताने वेगळं सांगितलं. बहुतेक शिकणाऱ्यांना साहेबासारखं बोलायची गरजच नसते, ऐकणाऱ्याला आरामात कळेल असं बोललं की झालं. 'आरामात कळेल' हे माप मला फार आवडलं. त्यात वशिला नाही.

आता बन्सल. हैदराबादला १९५८ साली इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतींचं एक केंद्रीय संस्थान निघालं, आता ते विद्यापीठ आहे. देशभरचे इंग्रजीचे शिक्षक तिथे जाऊन कानाला यंत्रं लावून आपलेच आवाज ऐकत. त्या संस्थानातल्या र. के. बन्सल यांनी विचारलं, भारतीय माणसाचं इंग्रजी चूक की बरोबर हा वाद बाजूला ठेवा, ते किती कळतं हे मोजू या. निरनिराळ्या प्रांतांतल्या भारतीयांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, इंग्लंडच्या श्रोत्यांना ऐकवलं आणि त्यांना काय कळलं ते तपासलं. १९६९ साली निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. सरासरी सुमारे ७० टक्के कळत होतं.

सत्तर टक्के! आमच्या बी. कॉम.ला फर्स्ट क्लास साठाला होता!

आणि जे कळत नव्हतं ते का? आमची ती 'व' आणि 'व्ह'ची भानगड दोषी होती, पण फार थोडी. मोठा घोटाळा आघाताचा. इंग्रजी शब्दात एका ठिकाणी जोर असतो, बाकीची अक्षरं अंग चोरून बसतात. आपण मराठी माणसं पंक्तीला वाढावं तसं प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखं वजन देतो, किंवा भलत्यालाच जास्त वाढतो. 'डेव्हलपमेंट'मध्ये जोर द्यायचा तो दुसऱ्या अक्षरावर, 'व्हे'वर. मी तो 'डे'वर देत होतो, आणि 'पार्डन' आलं की आणखी जोरात देत होतो. म्हणजे पत्ता चुकलेल्या माणसाने त्याच चुकीच्या दारावर जास्त जोरात धडका द्याव्यात, तसं. वर्षभर मी ओठांचा व्यायाम केला आणि दुखणं निघालं भलतीकडे.

आपल्याकडे ही गोष्ट फार पूर्वीपासून सांगतात. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला, पण 'इंद्रशत्रु' या शब्दात स्वर चुकीच्या जागी पडला. 'इंद्राला मारणारा' याऐवजी 'इंद्र ज्याला मारील तो' असा अर्थ झाला, आणि बिचारा वृत्र मेला. अक्षरं सगळी बरोबर होती, फक्त जोर चुकला. माझं पद गेलं, त्याचा तर पोरगा गेला.

यानंतरचं संशोधनही मी पिशवीत पुस्तकं घालून बडनेऱ्याच्या गाडीत वाचत गेलो. १९९५ साली कॅनडातल्या मन्रो आणि डर्विंग यांनी दाखवून दिलं की 'बोलण्यात ढब आहे' आणि 'बोलणं कळत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपूर ढब असलेलं बोलणंसुद्धा ऐकणाऱ्यांनी शब्द न् शब्द बरोबर लिहून काढलं. २००० साली जेनिफर जेन्किन्स या इंग्रज बाईंनी जगभरच्या परक्यांनी एकमेकांशी इंग्रजी बोलताना काय सांभाळलं पाहिजे याची यादीच केली. तिच्यातून इंग्रजांचा तो जीभ दातांत धरायचा 'थ' त्यांनी चक्क वगळला. मी त्या दिवशी घरी पेढे नेले.

पेढे का आणले हे घरात कुणाला कळलं नाही. कळावं असं वातावरणही नव्हतं.

झालं होतं असं. माझी माय, म्हणजे आई, आता सत्तरीच्या पुढे. माहेर दर्यापूरकडचं. तिने फोनवर कुणाला तरी सांगितलं, "नात शायेत गेली." नात दारातच उभी. सातवीतली. तिने हसून म्हटलं, "आजी, शाया नाही गं, शाळा. म्हण बरं, शाऽळा." मी पेपर वाचत होतो. मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मीही जरा हसलो. आजी दोनदा म्हणून पाहिली, तिसऱ्यांदा नातीने पुन्हा दुरुस्त केलं, आणि आजी गप्प झाली.

ती गप्प झाली ती गप्पच राहिली. नातीसमोर 'हो', 'नाही', 'जेव' एवढेच शब्द. 'ळ' नसलेले शब्द निवडून निवडून, जपून. फोन वाजला तर उचलेना. संध्याकाळी नातीला गोष्ट सांगायची, तीही बंद. मुलीला वाटलं आजीला बरं नाही. मला माहीत होतं काय झालं ते. मुलाखतीच्या खोलीत तिसऱ्या पार्डननंतर मी असाच बसलो होतो. आणि हे सगळं कुणी केलं? ना कँडीने, ना पुण्याने. ही नोंद माझ्या खात्यात नावे पडते.

पोळ्याला मी साहेबांना घरी जेवायला बोलावलं. एकटा माणूस, सणाला डबा खाणार, बरं दिसत नाही. साहेब अकोल्याला आले, वही घेऊन. आत येताच आईला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "नमस्कार, पाट्टी."

तमिळमध्ये आजीला पाट्टी म्हणतात. आईला ते कुठून माहीत? ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पाटी कायले पायजे यायले? लिवाले?" साहेबांना नातीने भाषांतर करून सांगितलं. साहेब हसले, आजी लाजली, मग तीही हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

जेवताना पुरणपोळीबरोबर केळ्याची कोशिंबीर होती. साहेबांनी विचारलं, "पाट्टी, इसको क्या बोलते?" आईने नातीकडे पाहिलं. उत्तर देईना. मीच म्हटलं, "सर, केळं. आमच्याकडे केय म्हणतात, ते चूक आहे."

साहेबांनी घास खाली ठेवला.

"चूक?" ते म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या हिंदी-इंग्रजी-मराठीच्या खिचडीतून मी जुळवून सांगतो. तमिळमध्ये केळ्याला 'वाऴैप्पऴम' म्हणतात. त्यातलं अक्षर आपला 'ळ' नव्हे, त्याच्याही पलीकडचं. जीभ मागे न्यायची आणि कुठेच टेकवायची नाही. देवनागरीत 'ळ'खाली टिंब देऊन ते लिहितात. तमिळ या नावाच्या शेवटीही खरं तेच अक्षर. तमिळ माणसाला त्याचा फार अभिमान. पण चेन्नईच्या बाजूचे साधे लोक ते अक्षर म्हणत नाहीत. ते त्याच्या जागी 'य' म्हणतात. त्यांची आजी फळाला 'पयम' म्हणायची. केळं म्हणजे 'वायप्पयम'. साहेबही तसंच म्हणत. शाळेत मास्तरांनी त्यांना वर्गाबाहेर उभं केलं, महिनाभर. मग त्यांना ते अक्षर आलं.

"तो बराबर बोलने लगा," साहेब म्हणाले, "लेकिन दादी से बात करना कम हो गया."

टेबलावर क्षणभर कुणी बोललं नाही. मग आई हळूच म्हणाली, "त्यायची आजी फयाले पयम म्हने?"

"हो आजी," नात म्हणाली.

"मंग आपलं फय अन् त्यायचं पयम, एकाच झाडाचं दिसते." आणि तिने साहेबांच्या पानात आणखी एक पोळी वाढली. 'पोयी' वाढली, असं म्हणू या.

त्या दुपारी साहेबांनी वहीत चाळीस शब्द लिहून घेतले, दोन रकाने पाडून. डावीकडे 'शाळा', उजवीकडे 'शाया'. शिकवणारी आई, लिहिणारे साहेब, आणि मधे दुभाषी म्हणून सातवीतली नात. आई एकेक शब्द असा मोकळेपणाने टाकत होती की जणू तुरी पाखडत बसली आहे. 'बॅलन्स शीटला काय म्हणतात?' असं साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी सवयीने 'ताळेबंद' म्हटलं. आईने तिकडूनच दुरुस्ती केली : "तायेबंद."

डिसेंबरात साहेबांची परीक्षा झाली. वरून आलेल्या परीक्षकांनी बाजारभावावर संभाषण करायला सांगितलं, आणि साहेबांनी अस्खलितपणे सांगितलं की यंदा तुरीच्या दायीचा भाव वाढून रायला. साहेब पास झाले, अडुसष्ट टक्के. बन्सलांच्या सरासरीपेक्षा दोन कमी. ते दोन दायीत गेले असावेत. शेऱ्यात लिहिलं होतं, 'उच्चारांवर स्थानिक प्रभाव'. साहेबांनी तो शेरा काउंटरवरच्या शिपायाला वाचून दाखवला. शिपाई म्हणाला, "मंग बराबर शिकले ना सायेब तुमी!" परिपत्रकात तरी 'स्थानिक भाषा' असंच लिहिलं होतं.

शेतकरी आता काउंटरवर माझ्याकडे न येता थेट साहेबांच्या केबिनमध्ये जातात. तिथे 'पार्डन' म्हणत नाहीत. साहेबांना एखादा शब्द कळला नाही तर ते वही पुढे करतात. आमच्या जमाखर्चात प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एकाने दिलं, दुसऱ्याने घेतलं, तरच नोंद पुरी. बोलण्याचंही तसंच असावं. इतकी वर्षं आपण सगळी रक्कम बोलणाऱ्याच्याच नावे टाकत आलो आणि ऐकणाऱ्याची बाजू कोरी ठेवली.

घरी संध्याकाळच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या आहेत. नात शाळेत 'ळ' म्हणते आणि आजीजवळ 'य'. दोन्ही खाती ती सफाईने चालवते, माझ्यासारखा घोटाळा करत नाही. मी मात्र परवा गाडीतून उतरलो, घरी आलो, आणि थकव्यात असेल किंवा कसंही, दारातूनच हाक मारली, "माय, चाय दे."

आतून भांडं वाजायचं थांबलं.

"काय म्हनलं बापा?"

आठवीपासूनचा हिशेब होता. म्हटलं, आता खातं बंद करून टाकावं. पुन्हा एकदा नीट म्हटलं. चहा आला, साखर जास्त होती. ताळेबंद अजून एका अक्षराने चुकतोच आहे, पण बँकेत आम्ही असा न सापडणारा फरक सस्पेन्स खात्यात टाकतो आणि कुलूप लावून घरी जातो.